पाण्यातला उजेड

आबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गेल्या रविवारी दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला होता, खांडबाऱ्याला आपण दोघांनी पाहिलेला. समुद्रात बुडालेल्या जहाजाचा, शार्कचा. नाव मला तेव्हाही कळलं नव्हतं, पण गंजलेल्या दारातून पाणबुड्याचा हात आत आला आणि मी ओळखलं. माझी मुलगी शेजारी बसून हसत होती. "आई, बघ ना, रबराचा आहे!" तिचं बरोबर होतं. शार्क एकच, तोच तीनदा त्याच बाजूने येतो, आणि एकदा तर जबडा मिटायच्या आधीच पाणी लाल होतं. कुणीतरी अगदी थोडक्या पैशांत काढलेला सिनेमा. मी मात्र हसू शकले नाही.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आत्याकडून आपण परत निघालो होतो आणि गाडी दोन तास उशिरा होती. खांडबाऱ्याच्या स्टेशनबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ चालायचा, दाराला काळा पडदा. तुम्हाला सिनेमाचं वेड कधीच नव्हतं. पण बाहेरच्या फळीवर पाण्याखाली पोहणारी दोन माणसं रंगवलेली होती, पाठीवर नळकांडी बांधलेली. त्यांच्यासमोर तुम्ही थांबलात. "हाई ते मन्हंच काम शे," म्हणालात. खरंच होतं ते. आपल्या ब्राह्मणपुरीच्या आसपास कुणाच्या विहिरीत मोटार पडली, पाइप निसटला की लोक तुम्हालाच बोलवायचे. कमरेला दोर, हातांत जड दगड आणि छातीत एक श्वास, एवढ्यावर तुम्ही तळापर्यंत जायचात.

आत सगळे हसतायत. शार्क आला की शिट्ट्या वाजतायत. मीही हसते, आणि तुम्ही माझं मनगट घट्ट धरता. "हासू नको." एवढा कडक आवाज तुम्ही माझ्यावर क्वचितच काढला असेल. मी तुमच्याकडे बघते तर तुम्ही श्वास रोखून बसलेले. पडद्यावर तो पाणबुड्या जहाजाच्या खोलीत शिरतो. वरच्या भोकातून उन्हाची तिरीप खाली आलेली असते, तिच्यात गाळाचे कण तरंगत असतात, आणि टेबलावर ताटल्या तशाच मांडलेल्या. तुम्ही उभे राहता. मागून कुणीतरी ओरडतं, "ओ बाबा, खाले बठ!" तुम्हाला ऐकूच जात नाही. मी सदरा ओढून तुम्हाला बसवते.

आपण स्टेशनवरच्या बाकावर येऊन बसलो. मी म्हटलं, "आबा, तो मासा खोटा होता."

"मासा खोटा शे," तुम्ही म्हणालात. "पन तो मानूस खरोखर खाले उतरना ना?"

मग विचारलंत, "पानीमा इतला उजेड ऱ्हास?"

मला प्रश्नच कळला नाही. तुम्हीच तर पाण्यात उतरणारे! तेव्हा तुम्ही सांगितलंत की खाली तुम्ही कधी काही पाहिलंच नव्हतं. पाय लागले की गाळ उठतो, डोळे झोंबतात, म्हणून तुम्ही ते मिटूनच घ्यायचात. सगळं काम हातांनी. मोटार, दोर, दगड, आणि कधी कुणाचे केस. "मन्ही सारी उमर पानीमा गई," तुम्ही म्हणालात, "पन पानी मी आज देखं." मुलांना पहिल्यांदा आगगाडी दिसते तेव्हा त्यांचा चेहरा होतो ना, तसा तुमचा झाला होता. आपला बाप एखाद्या गोष्टीने असा दिपून जाऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

मग महिनाभर तुम्ही त्या पाणबुड्यासारखा चष्मा बनवण्याच्या मागे होतात. खिडकीची काच गोल कापून आणलीत, सायकलच्या ट्यूबमध्ये बसवलीत, कडेने डांबर लावलंत. आई म्हणायची, यांना खूळ लागलं. पहिले दोन गळले. तिसरा घेऊन आपण मळ्यातल्या मोठ्या विहिरीवर गेलो, ऊन डोक्यावर असताना, पाणी निवळ असताना. तुम्ही खाली गेलात, वर आलात, पायरीला धरून धापा टाकत हसत राहिलात. मग चष्मा माझ्यापुढे धरलात. "चाल माय, तुले दखाडस." पोहायला तुम्हीच शिकवलं होतंत मला. मी म्हटलं, "आबा, मन्हं पोट दुखी ऱ्हायनं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि पुन्हा एकटेच बुडी मारलीत.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच विहिरीत निंदणीला आलेली एक बाई पाणी काढताना घसरून पडली. नवापूरकडून मजुरीला आलेली, तिची भाषाही आम्हाला नीट समजत नव्हती. तिची बहीण काठावर छाती पिटत होती. तुम्ही बांधावरून धावत आलात, मी मळ्यातल्या खोपीतून चष्मा आणून दिला. गाळ उठू नये म्हणून या वेळी तुम्ही दगड घेतला नाहीत. दोर सरसर गेला आणि थांबला. काठावर कुणी हलत नव्हतं. मी मनात आकडे मोजत होते, मग तेही सुटले. दोराला झटका बसला, चौघांनी ओढलं, आणि तुम्ही तिला काखेत घेऊन वर आलात. पालथी घातली, पाठ चोळली, तोंडातून पाणी गेलं, आणि ती खोकली. तो खोकला ऐकून तिची बहीण जमिनीवर बसली. मोटारीच्या पाइपामागे तिचं लुगडं अडकलं होतं, तुम्ही म्हणालात, नुसत्या हातांनी कधीच लागली नसती. "माले ती दिसनी," ती दिसली मला, हे तुम्ही दोनतीनदा म्हणालात, बाईकडे नाही, पाण्याकडे बघत.

सिनेमा संपल्यावर हे सगळं मी मुलीला सांगितलं. तिने टीव्ही बंद केला आणि नीट ऐकलं. मग विचारलं, "आई, खाली कसं दिसायचं? तू गेली होतीस का आजोबांबरोबर?"

मी म्हटलं, हो. खाली हिरवा उजेड असतो, म्हटलं, वर पाहिलं तर आभाळ गोल दिसतं, हलणारं, आणि आजोबांनी माझा हात धरला होता. तुम्ही रात्री जेवताना सांगायचात तेच शब्द मी माझे करून सांगितले. ती थक्क होऊन ऐकत राहिली, आणि मला थांबवेना.

हे पत्र वहीतच राहील. त्या दिवशी विहिरीवर माझं पोट दुखत नव्हतं, आबा.