‘देवमन साहेब’ बंद करण्याबाबत

आदरणीय देवमनमामा,

सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा, मामीची शुगर आणि अकोल्याचं ऊन, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. आमचं अमरावतीत बरं आहे, म्हणजे कूलर चालू आहे आणि तक्रार करायला तेवढं एक कारण कमी आहे. पत्र पाहून दचकू नका, कोणाचं लग्न नाही. तुम्ही गेल्या आठवड्यापासून माझा फोन उचलत नाही. मामीला विचारलं तर ती म्हणाली, "वाजला का पाह्यतेत, पन उचलत नाई. मले काई सांगत नाई." फोन वाजू देता येतो, पण पोस्टमनला दारात किती वेळ उभं ठेवणार? म्हणून हा मार्ग.

कॉलेजचं हेल्पडेस्क माझ्याकडे आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. पंखा बंद पडला, प्रिंटरमध्ये कागद अडकला, की माणसं कॉम्प्युटरवर तक्रार टाकतात आणि ती आपोआप त्या-त्या विभागाकडे जाते. त्यासाठी प्रत्येक विभागाची एक नोंद असते: नाव, प्रमुख, प्रमुखाचा फोन. आता आपल्या कॉलेजात विभागाचं नाव कोणी घेतं का? लेखा विभागातल्या किशोरने सुरुवातीला लोकांना विचारून विचारून नोंदी केल्या, आणि लोकांनी सांगितलं तसंच लिहिलं. परीक्षा विभाग झाला ‘शकुनताई’, वीज-पाणी झालं ‘डोमाजी’ आणि भांडार झालं ‘देवमन साहेब’. तुम्ही निवृत्त होऊन अकोल्याला गेलात, तरी कालपरवा लागलेल्या प्राध्यापिकाही "देवमन साहेबातून दोन रिमं आणा" असंच म्हणायच्या. (तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही त्यांनी.) भांडारात बसतो मनोज, पण तक्रार जायची तुमच्या फोनवर, आणि तुम्ही तिकडून सांगायचे, कुठल्या मांडणीवर, कोणत्या खोक्यात. मनोजला कोणी विचारायचं नाही, आणि त्याला त्याचं दुःख नव्हतं. मामी सांगते, तुम्ही सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनपुढे बसायचे. हे मला आधी कळलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

पुढचं म्हणजे आमचा नवा एआय एजंट. (एजंट म्हटलं की आपल्याला आरटीओबाहेर टेबल टाकून बसलेला माणूस आठवतो. हा कमिशन घेत नाही, चहा पीत नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.) त्याला मराठीत लिहून सांगायचं, की तो स्वतः हेल्पडेस्कमध्ये शिरून विभागांच्या नोंदी उघडतो, बदलतो, मिटवतो. मी त्याला लिहिलं, ‘ज्या विभागात एकही माणूस नाही तो बंद कर.’ मनोजची नोंद कार्यालयाच्या नावावर, त्यामुळे तुमच्या विभागात माणूस शून्य. तरी एजंटने घाई केली नाही. विभागप्रमुखाच्या मंजुरीशिवाय काही हलवायचं नाही, हा तुमचाच जुना नियम मीच त्याच्यात घालून ठेवला होता. तो अख्ख्या कॉलेजात पाळणारा हा पहिलाच निघाला. त्याने तुम्हाला संदेश पाठवला: ‘देवमन साहेब कायमचे बंद करायचे आहे. कारण: कोणीही कार्यरत नाही. मंजूर किंवा नामंजूर.’

आणि तुम्ही मंजूर दाबलं.

मग त्याने सगळ्या कॉलेजला कळवलं, ‘देवमन साहेब यापुढे उपलब्ध नाही.’ पूर्ण वाचायची सवय आपल्याकडे कोणाला आहे? किशोरने ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकली, तिच्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली, आणि डोमाजी तुमचा फोटो मोठा करून आणायला निघाले. शकुनताई माझ्या टेबलाशी येऊन रडल्या, "कावून सांगतलं नाई व मले? अकोल्याले तं मी पायी गेली असती!" तुम्ही त्या ग्रुपवर आहात हे कोणाच्या ध्यानातच नाही. तुम्ही सगळं पाहत होता. श्रद्धांजलीने तुम्हाला हसूही आलं असेल. लागलं असेल ते दुपारनंतरचं. कोणीतरी विचारलं, "मग आता टोनर कोणाकडून घ्यायचा?" कोणीतरी उत्तर दिलं, "मनोजकडून." आणि विषय संपला.

मग मी तुम्ही खुशाल असल्याचं ग्रुपवर टाकलं आणि एजंटला सांगितलं, नोंद परत आण. त्याने आणली, पण एक प्रश्न विचारला: ‘देवमन साहेब हा विभाग आहे की व्यक्ती?’ मामा, मशीनला सांगायचं सोपं होतं. पण इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी तुम्हाला विभागासारखंच वापरलं. वस्तू हवी असली की फोन, मिळाली की ठेवून दिला. गुडघ्याचं कोणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. शेवटी मी लिहिलं: ‘व्यक्ती.’ आता विभागाचं नाव ‘भांडार’ आहे आणि प्रमुख मनोज. तुमचं नाव मी परत टाकलं नाही. याचा राग येत असेल तर येऊ द्या, पण ते बरोबर झालं असं मला वाटतं.

राग मलाही आला आहे. मी घाईत होते, एजंट शेवटी मशीन. पण तुम्ही शब्दन्‌शब्द वाचल्याशिवाय सही न करणारे. तुम्ही ते वाचूनच मंजूर केलं ना? ‘कोणीही कार्यरत नाही’ हे तुम्हाला पटलं कसं? तुमच्या जागी मी असते तर नामंजूर दाबून भाचीला फोनवर सणसणीत झापलं असतं. तसं झापलेलं मला चाललं असतं. हे गप्प बसणं सहन होत नाही.

मामीला जय भीम सांगा.

तुमची भाची,
दीक्षा

ता. क. – रागावू नका, पण माती परीक्षणाच्या लहान तराजूच्या वजनांची पेटी कुठे ठेवली आहे? सोमवारी प्रॅक्टिकल आहे, मनोजने अख्खं भांडार उपसलं, एजंटलाही विचारून झालं. खरं सांगायचं तर सगळ्यांनी मिळून मला पत्र लिहायला बसवलं ते यासाठीच.

पुन्हा ता. क. – मी पाकीट चिकटवणार तोच मनोज सांगत आला, पेटी सापडली. आता काहीच विचारायचं नाही. तरी फोन उचला.