मागच्या खोलीतला पलंग

आई,

तुझ्या चुलीपाशी बसूनच बोलतेय असं समज. लिमात धुकं आहे, पण मी ठणठणीत आहे. तू दिलेले वाळवणाचे बटाटे अजून पुरतायत. धाकटा एल्मेर शाळा बुडवत नाही ना?

नोकरीचं विचारलंस. चांगली आहे, खिडकीजवळचं टेबल मिळालंय. दिवाणखाने सजवायला अजून दिलेले नाहीत, पण देतील. आमच्या ऑफिसच्या मालकीणबाई रेनाता म्हणतात, "निल्दा, तू मागच्या खोल्या कर. तुला त्यातलं कळतं." म्हणजे स्वयंपाकघरामागची मोलकरणीची खोली गं, तू कामाला होतीस तेव्हा आपण दोघी राहायचो तसली. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आपलं डोंगराकडचं आडनाव आणि चेहरा पुरला असावा.

नव्या इमारतीच्या नकाशात मी त्या खोलीला खिडकी काढली होती. बाईंनी ती खोडली आणि तिथे कपडे धुण्याचं मशीन बसवलं. मग पलंग मावेना. सगळे डोकं खाजवत बसले, आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "पाय पोटाशी घेऊन झोपलं की आखूड पलंग चालतो."

"बघा, म्हणूनच हिला ठेवलंय," बाई म्हणाल्या. आता इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर तोच पलंग जाणार आहे. माझ्यासाठी केकसुद्धा आणला.

शेजारच्या सांतुसाबाईंना सांग, पोरगी डिझायनर झाली म्हणून. पलंगाचं सांगू नकोस.

थंडीत तुझे गुडघे अजून तसेच दुखतात का? खरं सांग.

तुझीच,
निल्दा