तारा की प्लेट

आई, माझं उजवं मनगट मोडलं. आंब्यावरची वानरं हाकलायला परसात गेले, चिऱ्याच्या पायरीवरून पाय सरकला आणि सगळा भार तळहातावर आला. डॉक्टर कालचा मुलगा. ‘आजी, दोन मार्ग आहेत,’ म्हणाला. कातडीतून तारा घालून वर सहा आठवडे प्लॅस्टर, नाहीतर मनगट उघडून आत प्लेट आणि स्क्रू, म्हणजे हात लवकर हलवता येतो. चांगलं कोणतं, विचारलं तर म्हणे, ‘वर्षभराने दोन्ही सारखेच. तुम्हीच ठरवा.’ मी म्हटलं, ‘जन्मभर इंग्रजी शिकवलं. वर्गात असं उत्तर दिलं असतं तर मला घरी बसवलं असतं. आणि मी तुमची आजी नव्हे.’ तो हसला. ‘बरं, बाई. घरी करायला कोण आहे?’ तारा की प्लेट, ते उद्या सकाळी सांगायचं आहे.

मी शाळेत असताना तुझं मनगट मोडलं, तेव्हा तुला कोणी विचारलं नव्हतं. नुसतं प्लॅस्टर घातलं आणि घरी पाठवलं. तिसऱ्या आठवड्यात तू स्वयंपाकघरात पाटावर बसली आहेस, हात कोमट पाण्याच्या घमेल्यात, आणि डाव्या हाताने सुरीने प्लॅस्टर कापते आहेस. मग तुझा हात वाकडा जुळला. तळहात वर वळेना. देवळात तीर्थ डाव्या हातात घेतलंस म्हणून पुजाऱ्याने चारचौघांत सुनावलं. घरी आल्यावर मीही तोंड सोडलं, ‘कोणी सांगितलं होतं हट्टाने प्लॅस्टर काढायला?’ तू म्हणालीस, ‘हाताचा काय फोटो काढायचाय? भात कालवता येतो, पुरे.’

कोणी सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी मला सैल वेण्यांसाठी वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि मी घरी येऊन दप्तर आपटलं होतं, की तुझा हात बरा होईपर्यंत शाळेत जाणार नाही. दुसऱ्या दिवशी घट्ट दोन वेण्या, लाल रिबिनी. माझ्या मानेपाशी तुझी बोटं थरथरत होती आणि मी म्हणत होते, लवकर कर.

आता डाव्या हाताने हे लिहिते आहे, अक्षर बघवत नाही. प्लेट म्हणावं तर चिरफाडीची भीती वाटते, तारा म्हणावं तर सहा आठवडे मला जेवू कोण घालणार. कागद घडी घालून उशीखाली ठेवेन, दुसरं काय करणार. फक्त एक तुला कधी सांगितलं नाही. मला तेव्हा माझ्या वेण्या घालता येत होत्या.