समुद्र, सहा फूट बाय अडीच

१ जानेवारी १९५३. सकाळी साडेसहा.
कालपासून रिटायर्ड. सर्व्हे ऑफिसात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. तंजावर जिल्ह्याचा सगळा किनारा या हाताने काढला आहे, वळणं आणि वाळूच्या दांड्यांसकट. आता हात मोकळा. ही वही फक्त माझ्यासाठी.
विशालाक्षीने कॉफी दिली आणि विचारलं, आता तरी समुद्र कधी? कुंभकोणमहून रेल्वेने तीन तास. लग्नात मी तिला दाखवतो म्हणालो होतो. त्याला सत्तावीस वर्षं झाली. पण कारणं होती. ऑफिस, लेकीचा, अंबुजाचा जन्म, महायुद्ध, अंबुजाचं लग्न, गेल्या नोव्हेंबरातलं वादळ. सगळी तारखेनिशी सांगू शकतो. ती तारखा विचारत नाही. नुसती कॉफीची वाटी-पेला, डबरा-टंबलर, उचलून आत जाते.

४ जानेवारी.
प्लॅन सापडला! जुन्या इंग्रजी मासिकात एक लेख आहे. कुणा साहेबाने दिवाणखान्यात काचेच्या टाकीत समुद्र ठेवला. खारं पाणी, मासे, जिवंत पोवळी, सगळं. एका बाईला एक दिवस समुद्रावर नेण्यापेक्षा समुद्रच कायमचा घरी आणलेला काय वाईट? ऊन नाही, गर्दी नाही, लाटा नाहीत.
मुदत: आडी अमावास्या, ९ ऑगस्ट. त्या दिवशी पितरांच्या नावाने समुद्रस्नान करायला अर्धं गाव किनाऱ्यावर लोटतं. विशालाक्षी ते स्नान घरात करील. तिला सांगितलं. म्हणाली, बरं.
म्हणजे पसंत.

१८ जानेवारी.
टाकी सहा फूट बाय अडीच बाय दोन. सागवानी चौकट, जाड काच, फटी बुजवायला पुटीन. हॉलमध्ये जागा एकच, झोपाळ्याची. झोपाळा उतरवला. विशालाक्षी दुपारी त्यावर बसायची. आता जमिनीवर बसते. पाठीला ते जास्त चांगलं.
मेव्हणा आला. सुंदरराव, भांड्यांचा दुकानदार, स्वभाव वात्रट. म्हणतो, भावजी, पाहुणे आले तर कुठे बसवायचे, आत का बाहेर? मी हसलो नाही. गॅलिलिओलाही मेव्हणे असतील.

२ फेब्रुवारी.
विहिरीच्या पाण्याने चाचणी. फक्त तीन कोपरे गळतात. चौथा उत्तम.

१४ फेब्रुवारी. संध्याकाळी सात.
पहिली खेप. पहाटेच्या गाडीने मायावरम, तिथून फाट्याच्या गाडीने तरंगंबाडी. सोबत सुंदररावाच्या दुकानातले चार नवेकोरे तांब्याचे हंडे. विशालाक्षीने चिंच लावून आरशासारखे घासले होते. तिथल्या अरुळप्पन नावाच्या कोळ्याशी बोलणं झालं. त्याने मातीचे डेरे पुढे केले. मासळीचा वास येणारे! मी म्हणालो, तीर्थ आपण तांब्यात ठेवतो, मग सागर मडक्यात ठेवू काय? तो म्हणाला, सार, तुमची इच्छा.
त्याने किनाऱ्यावर जाऊन हंडे भरले. मी स्टेशनच्या बाकावरून देखरेख केली. झाकणं सांभाळायला कुणीतरी हवंच.
घरी येताच विशालाक्षीने विचारलं, कसा होता? मी म्हणालो, निळा. माझ्या नकाशातही तो निळाच आहे.

१० मार्च.
चार खेपा झाल्या. टाकी जवळजवळ भरली. खारेपणा मोजायचं यंत्र गावात नाही, म्हणून दूधवाल्यांना पकडणाऱ्या इन्स्पेक्टरकडून लॅक्टोमीटर आणला. त्याच्या मते आमचा समुद्र म्हणजे थोडं पाणी घातलेलं दूध. आकडा लेखाशी तंतोतंत जुळतो.
हवेचीही व्यवस्था केली. भजनी मंडळींची जुनी पेटी आमच्याकडे असते. तिचा भाता, त्याला सायकलची रबरी नळी, नळीचं टोक पाण्यात. भाता हलवला की बुडबुडे. विठ्ठलाच्या पेटीने माशांना श्वास द्यावा, यात गैर काय?
भाता हलवायचं काम दुपारी विशालाक्षी करते. तिला विरंगुळा.

१७ मार्च.
अरुळप्पनने अकरा मासे दिले. पट्ट्यापट्ट्यांचे, चपळ. शिवाय एका दगडाला चिकटलेलं फुलासारखं जनावर, स्पर्श केला की मिटतं. विशालाक्षी चूल सोडून पाऊण तास काचेसमोर बसली. सांबार लागलं. मी तक्रार केली नाही. हे माझं यश.

१९ मार्च.
अकराही गेले. फूल मिटलं ते उघडलं नाही. कारण: रेल्वेचे धक्के.

४ एप्रिल.
नवीन नऊ मासे. धक्के बसू नयेत म्हणून हंडा मांडीवर घेऊन आलो.

६ एप्रिल.
नऊही गेले. कारण: उन्हाळा.
विशालाक्षी हंड्यात वाकून पाहत होती. आत कडेला हिरवट डाग. म्हणाली, अहो, हे कळकलंय. कल्हई नसलेल्या तांब्यात ताक तरी ठेवतं का कुणी? खारट-आंबट सगळं कळकतं. मी म्हणालो, ताक वेगळं आणि समुद्र वेगळा. ती म्हणाली, मासे वेगळे नाहीत. पितात ते तेच.
मग म्हणाली, तिला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. मग बोलली का नाही? म्हणे, मी हंडे घासत होते तेव्हाच तुम्ही तीर्थाचं बोलत होतात.

७ एप्रिल.
विचारांती असं ठरवलं की तांबं शास्त्रीयदृष्ट्या अयोग्य आहे. पुढची खेप मातीच्या डेऱ्यांतून. कल्पना माझीच. सगळी टाकी उपसून पहिल्यापासून सुरुवात. माघार नाही.
उपसलेलं पाणी परसात ओतलं. केळी पिवळ्या पडल्या. सुंदरराव म्हणतो, भावजी, तुमच्या समुद्राला भरती आली वाटतं.

१२ मे.
डेऱ्यांतून पाच खेपा पूर्ण. अरुळप्पन डेरे देताना काही बोलला नाही. सभ्य माणूस. आज फक्त एवढं म्हणाला, सार, शंभर पावलांवर आहे, एकदा पाय तरी भिजवा. मी म्हणालो, गाडी चुकेल. गाडीला दीड तास होता.
बाक समुद्राकडे पाठ करून आहे. मी नाही ठेवला तसा. वारा डोळ्यांत जातो, म्हणून ते सोयीचंही आहे. आवाज मात्र येतो. सतत येतो.
सात वर्षांचा असताना मद्रासला लाटेत वडिलांचा हात सुटला होता. मिनिटभर. त्याचा इथे संबंध नाही. उगीच लिहिलं.

३० मे.
चौदा मासे, नऊ दिवसांपासून जिवंत! शेजारपाजारचे पाहून गेले. रामेश्वरहून आलेल्या एका यात्रेकरूकडून पोवळ्यांचे पांढरे दगड घेतले आणि टाकीत रचले. विशालाक्षी म्हणाली, हे हाडांसारखे दिसतात. सांगितलं, थांब, महिनाभरात जीव धरतील.

२१ जून.
पोवळ्यांना रंग चढू लागला. हिरवा.

२ जुलै.
रंग काचेलाही चढला. पाण्यालाही. मासे आता अंदाजाने पाहावे लागतात. सुंदरराव म्हणतो, देवळापुढचा महामहम तलावही इतका हिरवा होत नाही. लेखात याबद्दल काही नाही, म्हणजे ते सामान्य असावं.
दुपारी जागा झालो तर विशालाक्षी एका हाताने भाता हलवत होती आणि दुसऱ्या हाताने काचेवरचं शेवाळ पुसून एक वाटोळी जागा करत होती. त्या जागेतून आत बघत होती. मला पाहून विचारलं, खऱ्या समुद्राला पलीकडची कड दिसते का हो? मी म्हणालो, हवेवर अवलंबून आहे.
मला माहीत नाही.

२२ जुलै. आषाढी एकादशी.
भजनी मंडळी सकाळीच पेटी मागायला आली. त्यांची दुसरी पेटी दुरुस्तीला गेली आहे म्हणे. मी म्हणालो, चौदा जीवांचा प्रश्न आहे. ते म्हणाले, एकादशी वर्षातून एकदाच येते, रावजी, आणि पेटी विठोबाची आहे. नेली.
मग मी आणि विशालाक्षी दोघांनी चोंबूने, लहान लोट्याने, पाणी वर घ्यायचं, उंचावरून सोडायचं, असं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत केलं. उपवासाच्या पोटी. तिचे हात सुजले. मासे एकेक करून वर आले. तेरा.
एक उरला. काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा, बोटाएवढा. एक म्हणजे शून्य नव्हे.

२३ जुलै.
पेटी परत आली. सुरांना खारट वास येतो अशी मंडळींची तक्रार. दुर्लक्ष केलं.

३ ऑगस्ट.
विशालाक्षीने जाहीर केलं की अमावास्येला ती सुंदरराव आणि त्याच्या बायकोबरोबर तरंगंबाडीला जाणार. विचारलं नाही, सांगितलं.
मी म्हणालो, आणि इथला समुद्र? सात महिने कुणासाठी खपलो? ती म्हणाली, ते मला माहीत आहे.
एवढंच. बाकीचं वाक्य मी दिवसभर शोधतोय.

६ ऑगस्ट.
तिचा बेत बदलावा म्हणून टाकीची पूर्ण सफाई. शेवाळ खरवडलं, दगड घासले. आता पाणी दुधासारखं दिसतं. लॅक्टोमीटरचं म्हणणं शेवटी खरं ठरलं.

८ ऑगस्ट. दुपारी तीन.
तिला सांगितलं, उद्याचं स्नान आज इथेच करून बघ. चोंबू बुडवला, तिच्यापुढे धरला. तिने वास घेतला. नाक मुरडलं नाही, पदरही लावला नाही. चोंबू खाली ठेवला आणि म्हणाली, तुम्हीही चला. मी हात धरीन.
हिला कुणी सांगितलं? मी या वहीबाहेर कुठे बोललेलो नाही. ती ही वही वाचत नाही, तिला फक्त मोडी येते, माझं अक्षर बालबोध आहे. बहुधा झोपेत बोलत असेन.
म्हणालो, मी आलो तर भाता कोण हलवणार? मासा मरेल. ती म्हणाली, मासाही घेऊन जाऊ. जिथला तिथे सोडू.
हे कारण गेलं. मग आठवलं की घोटा दुखतोय. डावा.

९ ऑगस्ट. सकाळी सहा.
गेले. मासा मातीच्या घटात. विशालाक्षीने जुनं नारळी काठाचं लुगडं नेसलं होतं, भिजायचं म्हणून. दारात वळून पाहिलं. मी उजवा पाय लंगडत दाखवला. तिच्या लक्षात आलं असावं.

सकाळी दहा.
तिला पहिल्याच लाटेत भीती वाटेल. मग माझी आठवण येईल. मग कळेल की माझ्या टाकीला लाटा का नव्हत्या.

दुपारी एक.
भाता हलवतोय. टाकीत कुणी नाही, पण सवय मोडू नये. पेटीतून सूर निघत नाही, नुसते बुडबुडे. बुडबुड्यांकडे फार वेळ पाहवत नाही.

दुपारी चार.
परतीची गाडी आता मायावरमला असेल. लाट कितपत उंच असते? नकाशात ते दाखवत नाहीत. किनारा म्हणजे एक रेघ. रेघेच्या अलीकडे गावं, पलीकडे निळा वॉश, पातळ रंगाचा हात. तो मी नेहमी एका हाताने, न थांबता द्यायचो. साहेब म्हणायचे, चंद्रमौली, तुझा समुद्र सर्वांत सपाट.

रात्री आठ.
आले. सुखरूप. विशालाक्षीच्या केसांत वाळू, लुगडं मीठ लागून कडक झालेलं. चेहरा ओळखू येईना. सुंदरराव पहिल्यांदाच एकही टोमणा न मारता घरी गेला.
ती जेवायला वाढता वाढता सांगत होती. पलीकडची कड दिसत नाही. मासा घटातून सुटताच गेला, वळून पाहिलंसुद्धा नाही. अरुळप्पन भेटला. त्याने विचारलं, बाकावरचे सार आले नाहीत का? मग तिने बाक बघितला. थोडा वेळ त्यावर बसली म्हणे. म्हणाली, तिथून आवाज फार मोठा येतो हो. दिसत नाही तर जास्तच.
मी रसम मागितलं.
ती हसेल म्हणून तयारीत होतो. तिन्ही खुलासे पाठ होते, वाऱ्याचा, गाडीचा, झाकणांचा. तिने विचारलंच नाही.
मग म्हणाली, तीन बुड्या मारल्या. एक आईच्या नावाने. एक स्वतःच्या. तिसरी तुमच्या. सुंदरने हात धरला होता.
मी म्हणालो, या अमावास्येची बुडी मेलेल्यांच्या नावाने मारतात. ती म्हणाली, न आलेल्यांच्या नावानेही चालते, पुरोहिताला विचारून घेतलं. नाव, गोत्र, सगळं सांगून मारली.
भात संपवला, हात धुतले, वही उघडली.
आता नोंद करून ठेवतो. शास्त्राप्रमाणे पाहिलं तर यात कुठेही खोट नाही. ९ ऑगस्ट १९५३, सकाळी दहाच्या सुमारास, तरंगंबाडी इथे, माझं समुद्रस्नान झालं.