मेंगबाबांना फोन का येत नाही

१३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ८.
आजपासून रोजनिशी. वाचणारा मीच, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही.
संकल्प: रोज दहा पानं. रामेन नूडल्स फक्त रविवारी. मीटिंगमध्ये 'आमच्या वेळी' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत.
मालिकेचा एकोणिसावा एपिसोड माझ्याकडे आलाय. सेराने स्वतःहून दिला. (बाकी दोघांनी नको म्हटला होता, पण तो मुद्दा वेगळा.) सेरा आमची मुख्य लेखिका, वय चौतीस. मी, टाक, साठीला टेकलेला, म्हणजे टीमचा आधारस्तंभ. कथानक डोक्यात तयार आहे. मालिकेतले मेंगबाबा साठ वर्षांचे होतात. घरातले सगळे विसरतात. बाबा दिवसभर फोनकडे बघत बसतात. शेवटी गावाहून मुलगी वाढदिवसाला करतात ते समुद्री शेवाळाचं सूप घेऊन दारात उभी! अख्खं सोल शहर रडणार.
माझ्या स्वतःच्या साठीशी याचा काही संबंध नाही. ती ६ नोव्हेंबरला आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार.
पानं: शून्य. विचार: भरपूर.
अर्धा दिवस फोनच्या दुकानात गेला. विमावाल्यांचे फोन सलग एक संवाद सुचू देईनात, म्हणून नंबरच बदलून टाकला. दुकानातल्या बाईंनी विचारलं, जुन्या नंबरवर कुणी फोन केला तर त्यांना नवा नंबर कळेल अशी सोय ठेवू का? फुकट आहे. नको म्हटलं. ज्यांना मी हवाय ते काढतील शोधून.
आता फोन एकदम शांत. लेखकाला आणखी काय हवं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.
मीटिंग. कथानक वाचून दाखवलं. सेरा म्हणाली, टाकसर, सूप झकास आहे, पण मुलगी येते कशासाठी? मी म्हटलं, मुलगी आहे म्हणून येते. ती म्हणाली, हे नातं झालं सर, कारण नाही झालं. अठरा भागांत बाबांनी तिला एकदा तरी फोन केलाय का? गी-उंगने लगेच जुन्या संहिता चाळल्या. नाही केलेला. हा गी-उंग टीममधला विनोदाचा ठेकेदार. माझ्या विनोदांवर मात्र हसत नाही, नुसती मान डोलावतो.
मी शांतपणे समजावलं की बाप फोन करत नसतो, बाप फोनची वाट बघत असतो. तोच त्याचा स्वभाव. सेराने फळ्यावर लिहिलं: 'बाबांना काय हवंय? ते मिळवायला ते काय करतात?' पहिल्या प्रश्नाखाली 'फोन' असं लिहिलं. दुसऱ्याखाली जागा मोकळीच राहिली.
या मुलांना प्रत्येक गोष्टीला कारण लागतं. आमच्या वेळी असं नव्हतं. (हे मीटिंगमध्येही बोललो. पण एकदाच.)

२१ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी २.
जेवायला नेहमीच्या भाजलेल्या मांसाच्या दुकानात. तिथे एकट्या माणसाला देत नाहीत, कमीत कमी दोन जणांचं घ्यावं लागतं. मी दर वेळी सांगतो की एक जण मागून येतोय. मग मालकीणबाई समोर दुसरा चमचा आणि जेवायच्या काड्या मांडतात. आज मांडता मांडता म्हणाल्या, तुमचा पाहुणा फारच सावकाश चालतो हो साहेब, चार वर्षं झाली की!
सगळं दुकान हसलं. मीही हसलो. हा प्रसंग एपिसोडमध्ये घ्यायला हरकत नाही. दोघांचं मीच संपवलं. अन्न वाया घालवू नये.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.
पानं: दीड. ती फाडली.
सोलहीचा विचार डोक्यात. सोलही म्हणजे माझी मुलगी, देजॉनला औषधांच्या प्रयोगशाळेत असते. चुसॉकच्या सणाला तिचा फोन आला होता. मी म्हटलं, कामात आहे, मग बोलू. कामात नव्हतो, टीव्ही बघत होतो. पण बापाने पहिल्याच रिंगला मोकळं असणं बरं दिसत नाही.
माझा वाढदिवस तिथीने असतो, त्यामुळे तारीख दर वर्षी पुढेमागे होते. तिची आई कॅलेंडरातल्या बारीक अक्षरांतून ती शोधून काढायची आणि पोरीला सांगायची. आई आता वेगळी राहते. सोलहीच्या घरी भिंतीवर कॅलेंडर नाही. तारीख कळवावी का? छे! सांगून आलेला फोन म्हणजे मीच लिहून दिलेला संवाद. ती बरोबर शोधेल. पोरगी हुशार आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार.
मुलगी का येते याची सात कारणं घेऊन गेलो. स्मृतिभ्रंश, जुळी बहीण वगैरे. सातही नापास.
तेवढ्यात गी-उंग म्हणाला, सर, काल तुम्हाला किती फोन लावले, नंबर अस्तित्वात नाही म्हणतोय. मी सांगितलं की दोन आठवड्यांपूर्वीच बदलला. मग नवा कुणाला दिलाय? अजून कुणाला नाही, म्हटलं, वेळ कुठे मिळतो.
मग गी-उंगने टेबलावर थाप मारली. मिळालं की! बाबा स्वतःच नंबर बदलतात, कुणाला सांगत नाहीत, आणि साठीला फोन पुढ्यात घेऊन चरफडत बसतात, कार्टी विसरली म्हणून! सगळे पोट धरून हसले. सेराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फळ्यावरच्या मोकळ्या जागेत लिहिलं: 'नंबर बदलतात'. वर म्हणाली, टाकसर, हे सोनं आहे सोनं.
मी एवढंच म्हटलं की इतका मूर्ख माणूस प्रेक्षकांना पटणार नाही. त्यावर ती हसायची थांबली. बाकीचे चहाला गेल्यावर हळूच विचारलं तिने, सर, मुलीला तरी दिलाय ना नंबर?
म्हटलं, हो तर! तिला कसा नाही देणार.

३ नोव्हेंबर, सोमवार.
शेवट बदलला. आता बाबाच सूप करतात आणि बसने मुलीच्या दारात जाऊन उभे राहतात. सेरा म्हणते, कुणीतरी हलल्याशिवाय सीन हलत नाही. मला अजिबात पटलेलं नाही. कुठला बाप असं करतो?

६ नोव्हेंबर, गुरुवार.
सकाळी ७. साठ पूर्ण. फोन शंभर टक्के चार्ज.
८.३०. कोपऱ्यावरच्या दुकानातलं पाकिटातलं शेवाळाचं सूप गरम करून घेतलं. एपिसोडच्या अभ्यासासाठी.
११. मेसेज आला! फोन कंपनीचा. नवा नंबर आवडला का, विचारतात.
दुपारी २. फोन बंद पडलाय का पाहायला ऑफिसच्या नंबरवर लावला. चालू आहे.
३.३०. खोलीत फार एकटं वाटलं. लिहून टाकतो, कोण वाचणार आहे.
४. शेवटी मीच सोलहीला फोन लावला. तीन रिंगा, कट. परत लावला. कट. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे मीच शिकवलंय तिला. शब्दाला पक्की निघाली.
४.२०. तिचा मेसेज: 'कोण?'
४.३५. उत्तराचा पहिला मसुदा. नंबर बदलण्यामागची भूमिका, तिथीचं गणित, सगळं आलं. फार लांब झालं.
५.१०. दुसरा मसुदा: 'ओळख पाहू!' नको. विमावाले असंच सुरू करतात.
६. सेरा असती तर म्हणाली असती, साधी ओळ ठेवा. म्हणजे 'बाबा'. दोन अक्षरं. टाइप केली. बराच वेळ बघत बसलो. पात्राच्या तोंडी बसत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
ओळीवर अजून काम चालू आहे. संकल्प: रविवारपर्यंत पाठवायचीच.
रामेन आजच खाल्लं.