भोंग्यातला बोळा

पुणे, डिसेंबर २००४

प्रिय योगेश,

तुझ्या कंपनीच्या समारंभातलं जेवण उत्तम होतं. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळा. बाकी त्या संध्याकाळची मला अजून शिसारी येते. जॅझ हवा म्हणून वैजनाथला आणि मला वाघोलीपर्यंत बोलावलंत, आणि आयत्या वेळी तुमची ती माईकवाली बाई म्हणाली, वाजवायचं नाही, सीडी लागेल, नुसतं तोंडाला लावून डोला. वर चुकून आवाज निघायला नको म्हणून तिने वैजनाथच्या सॅक्सोफोनच्या भोंग्यात कंपनीचं नाव छापलेला नॅपकिन कोंबला. तू शेजारीच उभा होतास. "काका, थोडं ॲडजस्ट करा," एवढंच म्हणालास. मी ड्रमच्या काड्या पिशवीत टाकून खाली उतरलो. वैजनाथ मात्र शेवटपर्यंत मुकाट डोलला. किळस आली मला, योगेश.

अरे, हा माणूस मंडईपाशी वरातीत वाजवायचा तेव्हा सिनेमाच्या गाण्यात मध्येच असा काही जॅझ घुसवायचा, की वरबापसुद्धा नाचायचा आणि मग विचारायचा, हे कुठल्या पिक्चरमधलं? वैजनाथ लाजून म्हणायचा, असंच आपलं. रविवारी दुपारी आम्ही कॅम्पातल्या हॉटेलात वाजवायचो, तिथेही स्वारी खांबाआड. कुणी वाहवा केली की माझ्याकडे बोट दाखवायचा. मी काय, नुसता ठोकत बसलेला असायचो.

आणि तुझा पहिला कार्यक्रम? त्याच्याकडे सॅक्सोफोन शिकायला लागून वर्षही झालं नव्हतं. सदाशिव पेठेतले तुझे सगळे नातेवाईक पुढच्या रांगेत, आणि तू भलताच सूर लावलास. पांढराफटक पडला होतास. वैजनाथने तोच चुकीचा सूर उचलला, दोनदा वाजवला, त्यातूनच पुढची वाट काढली. लोकांना वाटलं, तसंच बसवलंय. टाळ्या तुला मिळाल्या.

आता हे का लिहितोय ते सांगतो. त्या संध्याकाळपासून वैजनाथने सॅक्सोफोन तोंडाला लावलेला नाही. परवा मीच सॅक्सोफोनची पेटी उघडली, तर नॅपकिनचा बोळा तसाच भोंग्यात. चिडून ओढायला गेलो, तर त्याने माझा हात धरला. म्हणाला, "राहू दे रे. योगेशच्या कंपनीचा आहे. येईल तो न्यायला." तुझा चुकलेला सूर तो अजून सांभाळून घेतोय. तेव्हा या रविवारी ये, आणि तो बोळा तुझ्या हाताने काढ.

इतकं होऊनही तुझाच,
रामदासकाका