थोरल्या पातीची लाल फीत

न्यू प्लिमथ, न्यूझीलंड, ३ फेब्रुवारी १९७४
चि. कॉलिन यास विनीआत्याचे अ. आ.
ईस्टरला जेबेझपणजोबांच्या वंशजांचा मेळावा, आणि भावकी अजून छातीवर लावायच्या फितींच्या रंगांवरून भांडते आहे. सहा मुलांच्या सहा पाती, सहा रंग. लाल थोरल्या पातीचा, म्हणजे आपला. त्यांच्या थडग्याच्या नव्या दगडावरचा पडदा थोरली म्हणून मी ओढणार, हे चुलतबहीण बर्थाच्या डोळ्यांत खुपतंय. तुला एकच काम सांगितलं होतं: इंग्लंडहून आल्यावर पणजोबा आधी उत्तरेला होकिआंगात काय करत होते ते बघ. झोपलास का?
लोभ आहेच, पण फार ताणू नकोस.
विनीआत्या

होकिआंगा, १९ फेब्रुवारी
ती. विनीआत्यास कॉलिनचा शि. सा. न. वि. वि.
झोपलो नव्हतो, लिहायला धीर होत नव्हता. ते इथे लाकडं कापत होते आणि संसारही करत होते. बायको इथल्या माओरींतली. त्यांना मुलगी झाली, सहांतल्या थोरल्या थॉमसच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, कितीतरी आधी. तिची नात रिपेकाबाई, ऐंशीच्या घरातल्या. मला म्हणाल्या, फार वर्षं लावलीस यायला, बस, कालवं खा. मग उभ्या राहून जेबेझपासूनची वंशावळ तोंडपाठ म्हणाल्या. आत्या, त्यात तुझंही नाव होतं.
थोरली पाती त्यांची. रागावलीस तरी लोभ असावा.
कॉलिन

न्यू प्लिमथ, २७ फेब्रुवारी
चि. कॉलिन यास अ. आ.
अंगण झाडायला सांगितलं, तर तू पायाच खणून ठेवलास. इकडे दगडावर 'सहा लेकरांचा पिता' कोरूनही झालंय. बर्था ऐकून हसली, तिला चहा न देता वाटेला लावलं. जन्मभर थोरली म्हणून सगळ्यांचं निस्तरलं, कौतुकाचा एक दिवस येणार होता, तोही गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आमच्या वंशवृक्षात त्या नाहीत आणि त्यांच्यात मी आहे, याचं जास्त वाटलं. लाल फीत रिपेकाबाईंना पाठवली. पडदा त्यांनीच ओढावा असं लिहिलंय. आता आणखी काही शोधू नकोस.
विनीआत्या

होकिआंगा, ९ मार्च
चि. विनीस रिपेकाताईचे अ. आ.
तुला 'चि.' लिहिणारं आता कोणी उरलं नसेल, म्हणून आधी तेच लिहिलं. तू जन्मलीस ते माझ्या आईनं वर्तमानपत्रात वाचलं, तेव्हापासून तू आमच्यात आहेस. फीत पोचली, लावून येते. बरोबर बसभर माणसं आहेत, मटण वाढव. दगडावर सहाचे सात करून घे.
पडदा मात्र तूच ओढायचास. वाद घालू नकोस, मी थोरली आहे.
लोभ होताच, आता येणंजाणंही असू दे.
रिपेका